सोनेरी दिसणारा जव परत का पाठवतात?

जवाचा ट्रक माल्टच्या कारखान्याच्या दारात उभा असतो. एक जण लांब पोकळ नळी ढिगात खुपसून वरचे, मधले, तळाचे असे दाणे काढतो. प्रयोगशाळेत त्यातले काही दाणे उभे चिरतात आणि टेट्राझोलियम नावाच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून ठेवतात. थोड्या वेळाने भिंगातून पाहिलं की दाण्याच्या बुडाशी असलेला इवलासा गर्भ लालसर झालेला दिसतो. रंग चढला तर दाणा जिवंत, फिकट राहिला तर मेलेला. शंभरातले साधारण 95 ते 98 दाणे जिवंत हवेत, ही माल्टवाल्यांची नेहमीची अट. शेजारच्या टेबलावर दाण्यांत बुरशीचं विष आहे का, तेही तपासलं जातं. दोन्हींपैकी एक जरी चुकलं तरी पिवळाधमक जव माल्टसाठी नाकारला जातो आणि पशुखाद्याच्या कमी भावात विकावा लागतो.

शेतकऱ्याला याचा राग येणं अगदी साहजिक आहे. उतारा चांगला, रंग चांगला, मग खोट कुठे? ती बरेचदा बुरशीची असते आणि शेतात कित्येक आठवडे आधीच शिरलेली असते. ती दिसायला लागते तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. जवावरच्या बुरशीचं सगळं व्यवस्थापन या एका अडचणीभोवती फिरतं.

आधी माल्ट म्हणजे काय ते पाहू

गहू गिरणीत जातो तेव्हा त्याचा दाणा जिवंत आहे की नाही, याची कुणी चौकशी करत नाही. दोन्हींचं पीठ होतं. जवाचं, म्हणजे सातूचं, माल्ट करायचं तर त्याला मोड यावे लागतात. मोड आणून मग भट्टीत वाळवलेला जव म्हणजे माल्ट. बिअर, व्हिस्की आणि माल्टची पेयं यांचा हा कच्चा माल.

दाणे आधी पाण्यात भिजवतात, त्यांच्यातला ओलावा 42 ते 46 टक्क्यांवर जाईपर्यंत. मग चार-पाच दिवस थंड, दमट हवेत पसरून ठेवतात. दाण्याला वाटतं आपण मातीत आहोत आणि उगवायची वेळ झाली. तो कामाला लागतो आणि एन्झाइम तयार करतो, म्हणजे साठवलेल्या स्टार्चची साखर करू शकणारी प्रथिनं. ही तयारी पुरी झाली की गरम हवेने दाणा वाळवून त्याची वाढ थांबवतात. हे सगळं काम दाणा स्वतः करतो. कारखाना त्याला फक्त पाणी, हवा आणि योग्य तापमान देतो.

शिवाय हे काम सगळ्या दाण्यांनी एकाच वेळी करावं लागतं. शाळेची मुलं रांगेने रस्ता ओलांडताना दोन पुढे पळाली आणि चार मागे रेंगाळली, तर सगळ्यांचाच खोळंबा होतो. इथेही तसंच. काही दाण्यांना दुसऱ्या दिवशी मोड आले आणि काहींना पाचव्या, तर त्या माल्टमधून साखर नीट निघत नाही. म्हणून खरेदीदार एकाच वाणाचे, एकाच आकाराचे, टपोरे दाणे मागतो. या एकसारखेपणाच्या हट्टाकडे पुढे पुन्हा यावं लागेल, कारण तोच बुरशीच्या पथ्यावर पडतो.

पान आजारी पडलं तर दाण्याला काय होतं?

जवाच्या पानांवर येणारे रोग बरेच आहेत. भुरी पांढऱ्या पिठासारखी दिसते. तांबेऱ्याच्या बारीक पुळ्या बोटाला गंजासारखा रंग लावतात. जाळीदार करप्यात पानावर तपकिरी रेघांची जाळी उमटते. आणखी एक करपा थंड, पावसाळी हवेत येतो. त्याचे डाग मध्ये राखाडी आणि कडेने गडद असतात. पावसाच्या थेंबाच्या शिंतोड्याबरोबर तो खालच्या पानावरून वरच्या पानावर चढतो.

परिणाम सगळ्यांचा जवळपास एकच. हिरवा भाग कमी झाला की दाण्यात भरायला स्टार्च कमी पडतो. दाणा बारीक राहतो आणि त्याच्यात प्रथिनांचं प्रमाण वाढतं. माल्टवाल्याला बरोबर याच्या उलट हवं असतं.

इथे जव गव्हापेक्षा वेगळा वागतो आणि ते न कळल्यामुळे पुष्कळ फवारण्या चुकीच्या वेळी होतात. गव्हात शेंड्याचं शेवटचं पान मोठं असतं आणि दाणे भरण्याचं मोठं काम तेच करतं. जवाचं शेवटचं पान अगदी छोटं. जवाचं उत्पादन मुख्यतः किती फुटवे, म्हणजे रोपाच्या बुडातून फुटलेल्या काड्या, जगले आणि किती दाणे धरले, यावर ठरतं. गोदामं किती बांधायची हे जव लवकरच ठरवून टाकतो आणि मागाहून माल कितीही आला तरी नवं गोदाम उभं राहत नाही. म्हणून जवात पहिली फवारणी, पीक कांड्यावर येऊ लागतं त्या सुमाराची, फार मोलाची ठरते. आजारी फुटवे मरून गेल्यावर शेवटचं पान कितीही जपलं तरी नुकसान भरून येत नाही. दुसरी फवारणी पोटरीतून कुसळांची टोकं डोकावू लागतात त्या सुमारास.

ओंबीतली बुरशी: खरा धोका

पानावरचे रोग दाणा बारीक करतात. फ्युसेरियम नावाची बुरशी थेट दाण्यावर बसते. तिला आधीच्या पिकाचा, विशेषतः मक्याचा, शेतात राहिलेला काडीकचरा आवडतो. ओंब्या बाहेर पडायच्या वेळी हवा उबदार आणि ओली असेल, तर बीजाणू वाऱ्यावर आणि शिंतोड्यांतून ओंबीवर पोचतात.

गव्हात या रोगाने अर्धी ओंबी पांढरी पडते, लांबूनही ओळखू येते. जवाच्या ओंबीत ही बुरशी एका दाण्यावरून दुसऱ्यावर सहज सरकत नाही. त्यामुळे कुठे एक, कुठे दोन दाणे तपकिरी दिसतात, तेही इतर डागांसारखेच. नुसत्या डोळ्यांनी पाहून शेत स्वच्छ आहे असं म्हणणं जवात धोक्याचं आहे.

ही बुरशी डीऑक्सिनिव्हॅलेनॉल नावाचं विष तयार करते. त्याला थोडक्यात डॉन म्हणतात. माणसांना त्याने मळमळ आणि उलट्या होतात. युरोपीय संघात जुलै 2024पासून जवासारख्या कच्च्या धान्यात किलोमागे 1000 मायक्रोग्रॅम डॉन ही कमाल मर्यादा आहे, त्याआधी ती 1250 होती. साध्या हिशेबात 1 टन धान्यात 1 ग्रॅम. माल्ट घेणारे पुष्कळदा याहूनही कडक मर्यादा लावतात.

त्यामागे आरोग्यासोबत आणखी एक कारण आहे. फ्युसेरियमचे धागे पाण्याला दूर लोटणारी एक प्रकारची प्रथिनं बनवतात. ती माल्टमधून बिअरमध्ये उतरली, तर बाटली उघडताच, ती मुळीच हलवलेली नसली तरी, फेस उसळून बाहेर येतो. शेतातल्या ओंबीवरची बुरशी महिन्यांनंतर बंद बाटलीत अशी प्रकट होते.

या बुरशीने शेतीचा नकाशाही बदलला आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा या राज्यांमधलं रेड नदीचं खोरं जवासाठी प्रसिद्ध होतं. 1993मध्ये तिथे या रोगाची मोठी साथ आली आणि पुढची कित्येक वर्षं तो परतत राहिला. धान्य माल्टसाठी नाकारलं जाऊ लागलं आणि जवाची लागवड पश्चिमेला, मोंटाना आणि आयडाहोच्या कोरड्या हवेकडे सरकली.

न दिसणारे पाहुणे

रामुलेरिया नावाचा पानांवरच्या ठिपक्यांचा रोग याहून फसवा आहे. ही बुरशी बियाण्याबरोबर रोपात येते आणि पीक ओंबीवर येईपर्यंत गुपचूप राहते. पान हिरवंगार, शेतकरी निश्चिंत. मग पीक निसवल्यावर, थोड्याच दिवसांत, पानांच्या शिरांमध्ये अडकलेले छोटे चौकोनी तपकिरी ठिपके फुटतात, कडेला पिवळी झाक असलेले. पान उलटून पाहिलं तर ठिपका मागच्या बाजूलाही तसाच असतो. ही बुरशी एक लाल रंगद्रव्य तयार करते. प्रकाश पडला की त्याचं विष होतं आणि पेशी मरतात.

काणीचंही तसंच. काणी लागलेली ओंबी म्हणजे दाण्यांच्या जागी नुसती काळी भुकटी. ती वाऱ्याने उडून शेजारच्या निरोगी फुलांत जाते, तिथे तयार होणाऱ्या दाण्याच्या गर्भात शिरून झोपते. हा दाणा बाहेरून अगदी निरोगी दिसतो. पुढच्या वर्षी तो पेरला की नव्या ओंबीची भुकटी होते. बुरशी गर्भाच्या आत असल्यामुळे वरून लावलेली पावडर तिच्यापर्यंत पोचत नाही. डेन्मार्कच्या येन्स येन्सनने 1880च्या दशकात धान्याच्या काणीवर गरम पाण्याचा उपाय रूढ केला. बी ठरावीक वेळ गरम पाण्यात ठेवायचं, म्हणजे बुरशी मरते आणि गर्भ वाचतो. काणी गर्भातच असेल तर पाणी 52 अंशांच्या आसपास लागतं. दोन-तीन अंश कमी पडले तर बुरशी वाचते, जास्त झाले तर बी मरतं. आज आंतरप्रवाही बुरशीनाशकाची, म्हणजे बियाण्यात शोषलं जाणाऱ्या औषधाची, बीजप्रक्रिया करतात. तीही अर्थात पेरणीआधीच. ओंबी काळी पडल्यावर तिला औषध नाही.

मग फवारण्या वाढवल्या तर?

हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. त्याला आड येणाऱ्या गोष्टी तीन-चार आहेत.

आंतरप्रवाही बुरशीनाशकं मुख्यतः तीन घराण्यांची आहेत: ट्रायाझोल, स्ट्रोबिल्युरिन आणि एसडीएचआय. प्रत्येक घराणं बुरशीच्या एकाच नेमक्या जागी घाव घालतं. कुलपाला एकच किल्ली लागावी तसं. कुलपाचा एक खिळा जरी बदलला तरी ती किल्ली निकामी होते. स्ट्रोबिल्युरिनचं मूळ पाइनच्या शंकूंवर उगवणाऱ्या एका छोट्या छत्रीत सापडलं आणि 1996मध्ये ही औषधं बाजारात आली. 1998मध्येच उत्तर जर्मनीत गव्हावरची भुरी त्यांना दाद देईनाशी झाली. तिच्या एका प्रथिनात 143व्या जागेवरचा एकच घटक बदलला होता. जाळीदार करप्याच्या बुरशीला मात्र हा बदल परवडत नाही. तिच्या जनुकाची रचना अशी आहे की त्या जागी फेरफार झाला तर ते जनुक नीट वाचलंच जात नाही. म्हणून तिने 129व्या जागी एक दुबळा बदल केला आणि औषध तिच्यावर अजून काही प्रमाणात चालतं. एकच औषध एका रोगावर संपतं आणि दुसऱ्यावर टिकतं, ते असं.

रामुलेरियाने तर तिन्ही घराण्यांवर युरोपात बऱ्याच ठिकाणी मात केली आहे. तिच्यावर खात्रीचं राहिलेलं औषध होतं क्लोरोथॅलोनिल. ते बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला करतं, म्हणून त्याला चुकवणं अवघड. पण त्याचे घटक भूजलात उतरण्याच्या धोक्यामुळे युरोपीय संघाने त्याची मान्यता काढून घेतली आणि मे 2020मध्ये त्याचा वापर थांबला. निर्णय योग्यच होता, पिण्याच्या पाण्यापुढे पीक दुय्यम. पण त्या दिवशी जवाच्या शेतकऱ्याचं एक मोठं हत्यार गेलं, हेही तितकंच खरं.

आता वेळेचं बंधन. ओंबी बाहेर आल्यावर मारलेलं औषध थेट दाण्यावर बसतं, म्हणून बहुतेक औषधं त्या अवस्थेनंतर चालत नाहीत. माल्टवाल्यांच्या मान्य औषधांच्या याद्या असतात आणि यादीबाहेरचं काही वापरलं तर माल नाकारला जाऊ शकतो. फ्युसेरियमसाठी मात्र फवारणी ओंबी पूर्ण बाहेर आल्यावरच करावी लागते आणि तिथे औषधाची निवड फार महत्त्वाची ठरते. त्या वेळी स्ट्रोबिल्युरिन मारलं तर डॉन वाढू शकतं. रोग आवरल्यासारखा वाटतो आणि विष वाढलेलं असतं.

म्हणून वापरायचीच तर वेगवेगळ्या घराण्यांची औषधं मिसळून, शिफारशीच्या मात्रेत, मोजक्या वेळा. एकच औषध दर वेळी मारणं म्हणजे बुरशीला आपलं कुलूप बदलायचा सराव देणं.

रोग न येणारं वाणच का लावत नाहीत?

लावतात, आणि एका रोगाच्या बाबतीत त्याला अपूर्व यश आलं आहे. जवात एम्‌एल्‌ओ नावाचं एक जनुक आहे. ते झाडाच्या संरक्षणाला लगाम घालतं आणि भुरीला पेशीत शिरताना या लगामाचा उपयोग होतो. जनुक मोडलं की भुरी जिथे पेशीला टोचते तिथेच झाड आतून भिंत जाड करतं आणि तिला बाहेर ठेवतं. असं मोडकं जनुक 1942मध्ये जर्मनीत क्ष-किरणांनी घडवलेल्या बदलातून मिळालं. पुढे इथिओपियाच्या पारंपरिक जवातही ते निसर्गतः सापडलं. 1979पासून ते विक्रीच्या वाणांमध्ये आलं आणि चाळीसहून अधिक वर्षं भुरीला ते ओलांडता आलेलं नाही. वनस्पतींच्या रोगांच्या इतिहासात इतकी टिकाऊ ढाल क्वचितच दिसते.

पण किंमत आहेच. लगाम सुटलेल्या झाडाच्या पानांवर कधी कधी रोग नसतानाही मेलेले ठिपके पडतात. आणि हेच वाण रामुलेरियाला जास्त बळी पडू शकतं, असंही संशोधनात दिसलं आहे. फ्युसेरियमविरुद्ध तर असं एक जनुक नाहीच. थोडाथोडा प्रतिकार देणारे जनुकांचे पुष्कळ तुकडे आहेत. ते एकत्र आणताना दाण्याचा टपोरेपणा आणि मोड येण्याचे गुण सांभाळावे लागतात. त्यात वर्षानुवर्षं जातात. नव्या वाणाचं माल्ट आधी कारखान्यात मोठ्या प्रमाणावर करून पाहिल्याशिवाय कुणी ते विकत घेत नाही.

एक विसरलेला उपाय

मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पूर्व जर्मनीतली आहे. 1980च्या दशकात तिथे भुरीविरुद्ध एक साधा प्रयोग देशव्यापी पातळीवर झाला. शेतात एकच वाण पेरण्याऐवजी दोन-तीन वाणांचं बियाणं मिसळून पेरायचं. प्रत्येक वाणाचं कुलूप वेगळं. एका रोपावर पोसलेल्या भुरीचा बीजाणू शेजारच्या रोपावर पडला, तर बरेचदा ते दुसऱ्या वाणाचं निघतं आणि बीजाणू वाया जातो. साथ पसरायला जशी माणसांची दाटी लागते, तशी भुरीला एकाच वाणाची दाटी लागते. ती दाटीच विरळ केली.

1990पर्यंत हे मिश्रण साडेतीन लाख हेक्टरांच्या आसपास पोचलं होतं. भुरीचं प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी घटलं आणि बुरशीनाशकांचा वापरही उतरला. त्या मिश्रणाचं माल्टही होत होतं. मग दोन्ही जर्मनी एक झाले, बाजार बदलला आणि नव्या खरेदीदारांना एकाच वाणाचं शुद्ध धान्य हवं होतं. मिश्रण मागे पडलं.

खरेदीदाराची बाजू मी वर मांडलीच आहे. वेगवेगळ्या वाणांना मोड वेगवेगळ्या वेगाने येतात. पण सारख्याच वेगाने मोड येणारी दोन-तीन वाणं निवडून त्यांचं मिश्रण करणं अशक्य नाही, पूर्व जर्मनीत ते झालं होतं. औषधं एकेक करून निकामी होत असताना हा पर्याय फक्त बाजाराच्या सोयीसाठी बाजूला ठेवणं मला पटत नाही.

विष धुऊन किंवा भाजून जात नाही का?

काही अंशी जातं. डॉन पाण्यात विरघळतं, त्यामुळे दाणे भिजवताना बरंच वाहून जातं. पण दाण्याच्या सालीवरची बुरशी जिवंत असेल, तर मोड येण्याच्या त्या चार-पाच ओल्या दिवसांत ती पुन्हा वाढते आणि नवं विष तयार करते. जे वातावरण दाण्याला उगवायला हवं, तेच बुरशीला. आणि भट्टीच्या उष्णतेने डॉन मोडत नाही.

जनावरांना घालावं, तर त्यातही भेद आहे. गाईगुरांच्या पोटातले जिवाणू डॉनचा बराचसा जोर कमी करतात. डुकरं मात्र त्याला फार नाजूक, ती खाणंच सोडतात किंवा उलट्या करतात. नाकारलेला जव खपतो, पण कुठेही खपतो असं नाही.

मग शेतकऱ्याच्या हातात काय उरतं?

बरंच, पण त्यातलं बहुतेक पेरणीआधीचं. मक्याच्या किंवा गव्हाच्या मागोमाग जव न घेणं. आधीच्या पिकाची धसकटं गाडणं किंवा कुजू देणं. सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेली रोपं काढून टाकणं, कारण दोन हंगामांच्या मधल्या काळात बुरशी त्यांच्यावर जगते. तपासलेलं बियाणं घेणं, त्याला बीजप्रक्रिया करणं. नत्र बेताने देणं. दाट, लुसलुशीत पिकात ओल टिकते आणि लोळलेल्या पिकात तर ओंब्या जमिनीलाच टेकतात. यातलं कुठलंही एक काम रोग थांबवत नाही. पण फवारणीच्या दिवशी शेतात बुरशी किती आहे, ते यावरून ठरतं. थोड्या बुरशीवर औषध चालतं, उसळलेल्या साथीवर नाही.

मळणीनंतरही बुरशी संपत नाही. ओला दाणा साठवला तर ढीग तापतो, साठवणीतल्या बुरशी वाढतात आणि ऑक्राटॉक्सिन नावाचं वेगळं विष तयार होऊ शकतं. घाईघाईने फार गरम हवा देऊन वाळवला तर बुरशी थांबते, पण गर्भही मरतो. म्हणून ओलावा 14 टक्क्यांच्या खाली आणायचा, तोही मंद आचेवर, दाणा जितका ओला तितकी हवा कमी गरम ठेवून.

आणि ट्रक भरण्याआधी एक चाचणी घरीही करता येते. दोन झाकणाच्या ताटल्या घ्याव्यात, तळाशी गाळणकागद ठेवावा आणि प्रत्येकीत शंभर दाणे मांडावेत. एकीत 4 मिलिलिटर पाणी घालावं, दुसरीत 8. तीन दिवस रोज मोड आलेले दाणे मोजून बाजूला काढावेत. पहिल्या ताटलीत 98 उगवले तर गर्भ शाबूत आहे. तिथे कमी उगवले, तर एक शक्यता ध्यानात ठेवायची: ताजा मळलेला दाणा जिवंत असूनही काही आठवडे झोपेत असू शकतो, आणि तो झोपलाय की मेलाय हे त्या लाल रंगाच्या चाचणीतच कळतं. पहिलीत भरपूर आणि दुसरीत त्याहून खूपच कमी उगवले, तर दाणे जास्त पाण्यात गुदमरत आहेत. सालीवरची बुरशी आणि जिवाणू पाण्यातला प्राणवायू आधी ओढून घेतात, हे त्याचं एक कारण असतं. असा जव माल्ट होतो, पण तो भिजवताना कारखान्याला पाणी मध्येमध्ये काढून दाण्यांना हवा द्यावी लागते. तो आकडा खरेदीदाराला आधीच सांगितलेला बरा.